छंद असावा तर सुटणारा

हाताने काहीतरी करून पाहावे अशी लहर मराठी मध्यमवर्गाला आयुष्यात साधारण दोनदा येते. एकदा शाळेत, कार्यानुभवाच्या तासाला, मार्कांसाठी. आणि दुसऱ्यांदा निवृत्तीनंतर, 'मन कशात तरी रमवा' असे डॉक्टरांनी सांगितल्यावर, रक्तदाबासाठी. मधली पस्तीस-चाळीस वर्षे हा वर्ग सुताराला बोलावतो, तो सांगितलेल्या दिवशी आला नाही म्हणून चिडतो, आणि आला की त्याच्या मागे उभा राहून त्याला सुतारकाम समजावून सांगतो. अलीकडे मात्र दिवसभर की-बोर्ड बडवणारी तिशी-पस्तिशीतली मंडळीही शनिवार-रविवारी फळ्या कापू लागली आहेत, जुन्या बाटल्यांचे दिवे करू लागली आहेत, आणि पूर्वी जे काम करण्याचे कारागिराला पैसे देत, ते काम शिकण्याचे कार्यशाळेला देऊ लागली आहेत. याची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. हौस चांगलीच आहे. माझे म्हणणे तिच्या दिशेबद्दल आहे. हातांची हौस करायचीच असेल तर ती दोरीच्या गाठींपासून सुरू करावी आणि शक्यतो तिथेच थांबवावी. गाठ फार उपयोगी असते किंवा फार सुंदर दिसते म्हणून नव्हे. मारलेली गाठ सोडता येते, म्हणून. केलेले स्टूल सोडता येत नाही. ते घरात राहते, आणि त्याच्याबरोबर घरच्यांना राहावे लागते.

ही केवळ घरच्यांची कुरकुर नाही, तिला प्रयोगाचा आधार आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोकॉन आणि डॅन एरिअली या तीन संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात एका मानवी दुबळेपणाला आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचे नाव दिले, कारण तिचे सामान गिऱ्हाइकाने घरी नेऊन स्वतः जोडायचे असते. प्रयोगात काही नवशिक्यांना कागदाचे बेडूक आणि बगळे करायला लावले. आपल्या कलाकृतीसाठी ते सरासरी २३ सेंट मोजायला तयार झाले. त्याच कलाकृती तिऱ्हाइतांना दाखवल्या, तेव्हा त्यांची मजल ५ सेंटांपुढे गेली नाही. ओरिगामीत मुरलेल्या माणसांनी केलेल्या बेडकांना भाव मिळाला २७ सेंट. म्हणजे कर्त्याला आपला बेडूक जवळजवळ उस्तादाच्या तोडीचा वाटत होता, आणि बघणाऱ्याला तो चुरगळलेला कागद दिसत होता. इथपर्यंतचे निष्कर्ष कोणत्याही गृहिणीने फुकट सांगितले असते. पण त्याच निबंधात पुढे एक बारकावा आहे, आणि माझी सगळी भिस्त त्यावर आहे. केलेली वस्तू कर्त्याने स्वतःच पुन्हा मोडली, किंवा अर्धवट सोडली, की हे आंधळे प्रेम ओसरते. अहंकार वस्तूला चिकटलेला असतो. वस्तू उलगडली की त्याला बसायला जागा उरत नाही. आता हाताने करायच्या कामांमध्ये कर्त्याने स्वतः, रोज, न रडता उलगडावी अशी वस्तू कोणती, याचा शोध घेतला तर दोरीपाशीच थांबावे लागते.

घरगुती हिशेबही हेच सांगतो. मुंबईत एक चौरस फूट जागेच्या किमतीत दोन बऱ्या खुर्च्या सहज येतात, आणि हौसेने केलेले डुगडुगते स्टूल किमान तेवढी जागा कायमची अडवते. ते टाकता येत नाही, कारण कर्ता घरातच असतो. त्यावर बसता येत नाही, कारण कर्त्याशिवाय कोणाचा त्यावर भरवसा नसतो. मग त्यावर कुंडी ठेवतात, म्हणजे निदान तिथे कोणी बसू नये. ओळंबा न लावता ठोकलेल्या फळीवरची पुस्तके हळूहळू एका बाजूला सरकत राहतात. पक्ष्यांसाठी केलेल्या घराला चिमण्या वळसा घालून जातात. पाहुण्यांना 'हे आमच्या ह्यांनी केलंय' असे सांगितले जाते, आणि त्या वाक्यात कौतुक किती नि धोक्याची सूचना किती हे जाणता पाहुणा लगेच ओळखतो. पैसे वाचतात हा दावाही फार ताणू नये. एका खिळ्याच्या कामासाठी आधी ड्रिल मशीन येते, मग त्याची पाती, मग भिंतीतल्या गिट्ट्या, मग चुकून पडलेले भोक बुजवायला एम-सील, मग त्यावर मारायला रंगाचा डबा. आणि रंग जुन्या भिंतीशी जुळत नाही म्हणून शेवटी पेंटर. घरगुती दुरुस्तीत वाचलेला पैसा नेहमी पुढच्या हत्याराच्या किमतीएवढाच असतो.

आपल्या जुन्या हौशींनी ही अडचण ओळखली असावी. दिवाळीत मुलांनी केलेला मातीचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला तरी खूप. कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ यांतून उभा राहिलेला आकाशकंदील सणापुरता वाऱ्याशी झुंजला की त्याचे काम संपते. दारातली रांगोळी पहिल्या पाहुण्याच्या चपलेपर्यंत असते, आणि गणपतीची आरास विसर्जनानंतर उतरते. हातकाम भरपूर, पण कायमचे सामान शून्य. या विचाराचे टोक म्हणजे गोफ. गोव्यात शिगम्याला आणि महाराष्ट्रातही हा नाच होतो. उंचावर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांचे एकेक टोक प्रत्येकाने धरायचे, तालावर एकमेकांना आतबाहेर छेद देत फिरायचे, की वर सुबक वेणी विणली जाते. कोणताही हौशी कारागीर इथे थांबला असता, ती वेणी कापून फ्रेम करून भिंतीवर लावली असती आणि खाली नाव घातले असते. गोफ नाचणारे मात्र पावले उलटी टाकू लागतात आणि विणलेले सगळे उलगडून दोऱ्या मोकळ्या करतात. त्यात गंमत अशी की विणताना केलेली चूक विणताना लपते, उलगडताना लपत नाही. एखाद्याने मध्येच चुकीच्या बाजूने वळसा घेतला असेल तर दोऱ्या अडून बसतात आणि सगळ्या गावाला कळते. असली खरी परीक्षा स्टुलाची होत नाही. त्याच्यावर कुंडी असते.

गाठीचेही तसेच आहे. तिच्यापुढे मत चालत नाही, आणि मत न चालणारे क्षेत्र मराठी माणसाला अधूनमधून भेटलेले बरे. साहित्य संमेलनाचा अध्यक्ष कोण असावा, भारताने कोणता गोलंदाज खेळवावा, मिसळ खरी कुठली, यांवर दोन्ही बाजूंनी आयुष्यभर बोलता येते. गाठ मात्र धरते किंवा सुटते. सगळ्यात साधी परीक्षा बुटाच्या नाडीची. रीफ नॉट मारताना डावे टोक उजव्यावर आणि मग उजवे डाव्यावर टाकायचे असते. दोन्ही वेळा एकाच बाजूने टाकले तर तयार होते ती ग्रॅनी नॉट, तिची ओढाळ बहीण. नाडीचे फूल बुटावर आडवे बसले तर पहिली, घोटा आणि अंगठा यांच्या दिशेने उभे फिरले तर दुसरी. लाखो सुशिक्षित माणसे लहानपणापासून दुसरी मारतात आणि नाडीच्या कंपनीला दोष देतात. २०१७ साली कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठातल्या अभियंत्यांनी ट्रेडमिलवर धावणाऱ्या बुटाचे अतिवेगवान चित्रण करून पाहिले. पाऊल जमिनीवर आपटताना गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो, त्याने गाठ सैल होते, आणि झोके घेणारी मोकळी टोके अदृश्य हातांसारखी तिला ओढून सोडवतात. ग्रॅनी नॉट या छळात आधी हार मानते. उच्चशिक्षित माणसाला पन्नाशीत आपली बुटाची गाठ चुकीची होती हे कळावे, आणि ते सांगणारा समोर कोणी माणूस नसावा, यापरते स्वाभिमानाची काळजी घेणारे शिक्षण दुसरे नाही.

गाठ धरते ती जोरामुळे नव्हे, घर्षणामुळे. ऑयलरच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र असे सांगते की खांबाभोवती दोरीचा प्रत्येक वेढा ताण गुणत जातो. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने तुमच्या हाताच्या जोराला सुमारे साडेसहा पट ओढ पेलते, आणि तीन वेढ्यांनी सुमारे २८५ पट. उधळलेला बैल एका पोराने खुंटाला दाव्याचे तीन वेढे देऊन थोपवला, तर त्यात शौर्य कमी आणि गणित जास्त असते. पोराने ऑयलर वाचलेला नसतो. बैलानेही नसतो, पण निकाल त्याला लगेच समजतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. गाठी मारणे, दोर वळणे, खाट विणणे ही ज्यांची पोटापाण्याची कामे होती आणि आहेत, त्यांना त्यात मौज दिसली नाही. मग फावल्या वेळेतल्या मंडळींनी त्याचा छंद करावा हा लाडावलेपणा नाही का? गावगाड्यात अंबाडी आणि घायपाताचे दोर वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे होते. त्या दोरावर गावाची मोट चालली, बैल बांधले गेले, पण वळणाऱ्याला मान मिळाला नाही. आजही उंच इमारतीची बांबूची परांची बांधणारा किंवा उत्सवाचा मांडव उभारणारा माणूस ज्या सफाईने दोरीचे वेढे आवळतो, त्यावर शेकडोंचे जीव विसंबून असतात, आणि आपण मांडवात बसून पंख्याची तक्रार करतो. कोंढाण्याच्या १६७० च्या लढाईत सूर्याजीने परतीचे दोर कापले असे सांगतात, आणि ते कापणे साडेतीनशे वर्षे आपल्या भाषणांत गाजते आहे. ते दोर वळले कोणी आणि वर पक्के बांधले कोणी, हे एकाही वक्त्याने विचारलेले नाही. आक्षेप म्हणूनच मान्य करावा लागतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. हाताने काम न करणाऱ्या वर्गाला कारागिराची किंमत व्याख्यानाने कळत नाही. क्लोव्ह हिच नावाची एक गाठ बांबूवर बांधून त्याला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिले, की परांचीकडे बघण्याची नजर आपोआप बदलते. आणि हे शिक्षण कारागिराचा रोजगार न हिरावता होते, कारण हौशी माणसाने बांधलेल्या परांचीवर तो स्वतःही चढणार नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. प्लॅस्टिकचे टाय आहेत, चिकटपट्टी आहे, हुक लावलेल्या लवचीक दोऱ्या आहेत. नेसायची नऊवारी शिवून मिळते, बांधायचा फेटा टोपीसारखा डोक्यावर ठेवता येतो. मग गाठ शिकून करायचे काय? याचे प्रामाणिक उत्तर असे की फारसे काही नाही. गाठीचे वकील इथेच चुकतात. 'जंगलात अडकलात तर', 'पूर आला तर', असे म्हणत ते श्रोत्याला घाबरवू पाहतात, आणि तो श्रोता तर सोसायटीच्या गच्चीवरही लिफ्टने जातो. उपयोगाच्या नावाखाली शिकलेली गाठ धोकादायकही ठरते. शाळेच्या स्काउट पथकात सगळ्यात आधी शिकवतात ती रीफ नॉट, आणि नेमकी तीच दोन दोर जोडायला वापरल्याने इतर सगळ्या गाठींनी मिळून घेतले नसतील इतके बळी घेतले असावेत, असा इशारा क्लिफर्ड ॲशले या अमेरिकी चित्रकाराने देऊन ठेवला आहे. या गृहस्थाने अकरा वर्षे खपून १९४४ साली गाठींचा जो ग्रंथ काढला, त्यात ३,८०० हून अधिक क्रमांकित नोंदी आणि सुमारे ७,००० आकृत्या आहेत. एवढ्या गाठी कोणत्याही जहाजाला लागत नाहीत, आणि ॲशलेला हे आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. मौज हे पुरेसे कारण आहे असे मानल्याशिवाय अकरा वर्षे जात नाहीत.

तिसरा आक्षेप विद्वानांचा: हे पोरखेळ आहेत, यात खोली नाही. त्यांनी जरा इतिहास पाहावा. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्विन यांना वाटले की अणू म्हणजे ईथरमध्ये, म्हणजे सगळे अवकाश भरून राहिले आहे असे तेव्हा मानल्या जाणाऱ्या द्रव्यात, पडलेल्या गाठी. त्यांचे मित्र पीटर टेट यांनी मग गाठींची यादी करायला घेतली. पुढे ईथरही गेले आणि गाठींचे अणूही गेले, पण यादी राहिली आणि तिच्यातून गणिताची एक शाखा उभी राहिली. त्या शाखेच्या कोष्टकात दोन वेगवेगळ्या गाठी म्हणून सुमारे ७५ वर्षे छापल्या जाणाऱ्या दोन आकृत्या प्रत्यक्षात एकच गाठ आहेत, हे १९७४ साली दाखवून दिले ते केनेथ पर्को या न्यूयॉर्कच्या वकिलाने. एकच गोष्ट दोन बाजूंनी वेगळी दिसते हे वकिलाच्या लक्षात आले यात नवल नाही. ती एकच आहे हे त्याने कबूल केले, हे नवल. १९७८ साली एडवर्ड हंटर या निवृत्त इंग्रज डॉक्टरांनी नवी गाठ शोधल्याची बातमी लंडनच्या टाइम्सने पहिल्या पानावर छापली. मग कोणीतरी दाखवून दिले की तीच गाठ एका अमेरिकी गृहस्थाने १९५३ सालीच पुस्तिकेत छापली होती. आपल्याकडे अशा प्रसंगी दोन गट पडले असते आणि प्रकरण कोर्टात गेले असते. तिकडे त्या गडबडीतून एकमेकांना सापडलेल्या गाठवेड्यांनी १९८२ साली चक्क आंतरराष्ट्रीय संघ स्थापन केला. टायसारख्या निरुपयोगी वस्तूबद्दलही असेच. केंब्रिजच्या थॉमस फिंक आणि योंग माओ यांनी १९९९ साली टाय बांधण्याचे ८५ प्रकार मोजले. पुढे नियम सैल करून दुसऱ्या गणितज्ञांनी तो आकडा १,७७,१४७ वर नेला. ज्याला एकच प्रकार येतो आणि तोही लग्नाच्या दिवशी दुसऱ्याकडून बांधून घ्यावा लागतो, त्याने खोली नाही असे म्हणू नये.

शेवटचा आक्षेप आळशी माणसाचा, आणि तो सगळ्यात तर्कशुद्ध आहे. गाठी आपोआप पडतातच की! २००७ साली सॅन दिएगोच्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी डब्यात दोरी घालून तो डबा ३,४१५ वेळा गरगरवला. काही सेकंदांत गाठी पडत होत्या आणि त्यांत सुमारे १२० प्रकार निघाले. खिशातल्या इअरफोनच्या वायरीला हा शोध आधीच माहीत होता. पण डबा गाठ मारतो, सोडवत नाही. निसर्ग गुंता फुकट करून देतो. उलगडायला मात्र माणूस लागतो, आणि बोटे चालवून सैल बाजू शोधणारा माणूस दुर्मीळ होत चालला आहे. बाकीचे कात्री आणतात. पार्सलवरची सुतळी न कापता सोडवून, तिचा गुंडाळा करून, तो ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्या पिढीला आपण कंजूष म्हणत आलो. ती पिढी न कळत रोज थोडा संयमाचा सराव करत होती, एवढी दुरुस्ती आता करायला हरकत नाही.

मॅक्रमेवाल्यांचा इथे गैरसमज होऊ नये. त्यांच्याही हातात दोरी आणि गाठीच असतात हे खरे, पण त्यांच्या गाठी सोडण्यासाठी मारलेल्या नसतात. त्या कुंडीसकट भिंतीवर जातात, धूळ धरतात आणि वाढदिवसाला भेट म्हणून दुसऱ्याच्या घरी पोहोचतात. म्हणजे ते दोरीने केलेले स्टूलच. चांगल्या गाठीची अट दुहेरी आहे: ताण असेपर्यंत न सरकणे आणि काम संपल्यावर बोटाच्या एका ढकलण्याने मोकळे होणे. बोलाइन म्हणूनच गाठींची राणी समजली जाते. ससा बिळातून वर आला, झाडामागून फिरला आणि परत बिळात गेला, एवढ्या गोष्टीवर ती पोरेही शिकतात. जहाज तिच्यावर टांगले तरी ती धरते, आणि ताण गेला की विनातक्रार सुटते. हीच दुहेरी अट आपल्या सार्वजनिक संस्थांच्या अध्यक्षांना लावली तर अर्ध्या संस्थांच्या घटना नव्याने लिहाव्या लागतील.

शिकायला खर्च जवळजवळ नाही. बोटाएवढ्या जाडीची दोन मीटर सुती दोरी, खुर्चीचा एक पाय, आणि चार गाठी: रीफ, क्लोव्ह हिच, शीट बेंड, बोलाइन. या चार डोळे मिटून मारता आणि सोडता आल्या की शिक्षण पुरे. पाचवी फक्त लोभापायी. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याचे तोंड कोणीकडे आहे ते आधी पाहावे, नाहीतर ससा आरशातल्या बिळात जातो. आणि घरातल्या कोणाला भिंतीवर स्वतःच्या हाताने काहीतरी भव्य करायची लहर आली, तर त्याच्या हातात आधी ही दोरी द्यावी. लहर खरी असेल तर ती दोरीवरही भागेल. खोटी असेल तर भिंत वाचेल.